पावसाळ्यात रंगवलेले मावळे: २८ मिमी तुकडीच्या कामाच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

टेबलावर लढाईचा डाव खेळायच्या छोट्या मूर्तींचं पार्सल आलं. पांढऱ्या धातूची वीस पायदळ माणसं, २८ मिमी मापाची, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीची: आठ ढाल-तलवारवाले, चार भालेवाले, सहा तोड्याच्या बंदुकीवाले, एक झेंडेवाला, एक शिंगवाला. टपालासह ५,८०० रुपये, वर सीमाशुल्क १,१५०. चार घोडेस्वार पिंपरीच्या मित्राने त्याच्या थ्रीडी प्रिंटरवर, अतिनील उजेडाने कडक होणाऱ्या रेझिनमध्ये छापून दिले. त्याने फक्त रेझिनचे ६०० घेतले.

या मापाच्या माणसांसाठी रंगांच्या ज्या कृती हाताशी येतात त्या बहुतेक गोऱ्या कातडीच्या, लोकरी कोटांच्या आणि कोरड्या हवेतल्या. मला सतराव्या शतकातली सावळी माणसं आणि सुती कपडे रंगवायचे आहेत, तेही डोंबिवलीत, भर पावसाळ्यात. म्हणून चुका आणि खर्च यांच्यासकट सगळं लिहून ठेवतो आहे. हेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे दोन महिने वाचावेत.

१६ जून, रविवार

साच्याच्या जोडामुळे धातूवर उठलेल्या रेघा काढण्यात दिवस गेला. बारीक कानशींचा सहाचा संच २२० रुपयांना मिळाला, सोबत सर्जिकल ब्लेड. रेघ पागोट्याच्या घड्यांवरून जाते तिथे कानस चालवू नका, घड्या सपाट होतात. ब्लेडचं पातं उभं धरून खरवडायचं.

ओतीव भाले मऊ होते, हात लागला की वाकत. चारही कापून टाकले आणि ०.८ मिमी पितळी तारेचे नवे केले. तारेचं टोक ऐरणीवर हातोडीने चपटं करायचं, मग कानशीने पानासारखा आकार द्यायचा. मूठ भोकताना दोन मुठी एका बाजूने फुटल्या, कारण थेट ०.८ चं ड्रिल लावलं. नंतरच्या दोन नीट झाल्या: आधी सुईने खूण, मग ०.५ चं बिट, मग ०.८. फुटलेल्या मुठी एम-सीलने भरल्या. भाले फेविक्विकने बसवले.

शेवटी विमच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने सगळ्यांना धुतलं. साच्याला लावलेली पावडर राहिली तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा लेप, धरत नाही.

२३ जून, रविवार

आजचा दिवस वाया गेला. मोटारीच्या कामाचा राखाडी प्रायमर, स्प्रेचा डबा, ३८० रुपये. बाहेर रिपरिप चालू होती आणि मोबाइल आर्द्रता ९१ टक्के दाखवत होता. बाल्कनीत खोका आडवा ठेवून त्यात विसांनाही एकदम मारला. अर्ध्या तासाने बघतो तर सगळ्यांच्या अंगावर सॅंडपेपरसारखी खरखर. चेहऱ्यांचे बारकावे पीठ चाळून टाकल्यासारखे बुजले होते.

स्प्रेमधला द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि हवा इतकी ओली असली की तिथे बाष्प धरतं. एकावर मारून पाहिलं असतं तर एकोणीस वाचले असते.

२४ ते २७ जून, रात्री

प्रायमर उतरवला. धातू असल्यामुळे शुद्ध ॲसिटोन चाललं, केमिकलच्या दुकानातून अर्धा लिटर. काचेच्या बरणीत दहा मिनिटं, मग टूथब्रश. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. रेझिनच्या किंवा प्लास्टिकच्या माणसांना ॲसिटोन दाखवूसुद्धा नका.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती: ॲसिटोन फेविक्विकही सोडवतं. चारही भाले बरणीच्या तळाशी मिळाले. पुन्हा बसवले. चार रात्री मिळून सात तास गेले.

३० जून, रविवार

आता ब्रशने लावायचा काळा प्रायमर घेतला, व्हॅलेहोचा, पॉलियुरेथेनचा. दोन पातळ हात, मधे तीन तास. पाऊस असो नसो, याला फरक पडत नाही. मात्र पुढे २४ तास हात लावायचा नाही. एका मावळ्याचं नाक संध्याकाळीच चाचपलं, तर प्रायमर रबरासारखा सोलून आला. हा प्रायमर घासून गुळगुळीत करता येत नाही, घासला की सालपटं निघतात. तेवढ्या जागेवर पुन्हा लावणं हाच उपाय.

दुसऱ्या दिवशी काळ्यावर वरून खाली राखाडी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून घासणं), त्यावर फक्त डोकं, खांदे आणि गुडघ्यांवर पांढरा. उजेड कुठून पडतो आहे ते यात एकदा ठरून जातं आणि पुढे प्रत्येक रंग लावताना कामी येतं.

७ जुलै, रविवार: कातडी, पहिला प्रयत्न

रंग ओले ठेवणारं वेट पॅलेट घरीच केलं: प्लास्टिकचा चपटा डबा, ओला स्पंज, वर बटर पेपर. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर दहा मिनिटांत गुंडाळला गेला, पाणी आरपार येऊ देईना. केक भाजायला वापरतात तो कागद लागतो. स्पंजखाली तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवला आहे, बुरशी उशिरा धरते. तरी पाणी रोज बदला.

कातडीसाठी तपकिरी रंग लावला, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) दिला आणि उजळ जागांसाठी त्याच तपकिरीत पांढरा मिसळत गेलो. तीन चेहरे झाल्यावर खिडकीत नेऊन पाहिले. भस्म फासल्यासारखे दिसत होते. सावळ्या कातडीत पांढरा मिसळला की ती राखेच्या रंगाकडे जाते. उजेडात सावळा चेहरा पांढरट होत नाही, तांबूस-पिवळसर होतो. घरातल्या माणसांचे हात दिव्याखाली धरून पाहिले तेव्हा ही गोष्ट डोळ्यांना दिसली.

१४ जुलै, रविवार: कातडी, जमलेली कृती

आकडे व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल कलर या रंगांच्या बाटल्यांवरचे.

तळाला फ्लॅट ब्राउन ७०.९८४ दोन थेंब, बर्न्ट अंबर ७०.९४१ एक थेंब. दुसरा हात फ्लॅट ब्राउन आणि ऑरेंज ब्राउन ७०.९८१ समसमान, खोलगट जागा सोडून. त्यावर याच मिश्रणात मीडियम फ्लेशटोन ७०.८६० थोडा थोडा वाढवत नाक, गालाची हाडं, बोटांची पेरं, पोटऱ्या. पांढरा कुठेही नाही. ओठांना तळाच्या रंगात कॅव्हलरी ब्राउन ७०.९८२ चा टिपूस. दाढीच्या जागी निळसर करडा, पाण्यासारखा पातळ, एकच हात. मिशांना काळा न वापरता ब्लॅक ब्राउन ७०.८२२.

विसांना एकच कातडी देऊ नका. मी चार गट केले. पहिल्यात अंबर जास्त, दुसरा वर दिला तसा, तिसऱ्यात फ्लेशटोन लवकर सुरू, चौथ्यात ऑरेंज ब्राउन वाढवून उन्हात रापलेला रंग. शेजारी उभे केल्यावर ती वेगवेगळ्या घरची माणसं वाटू लागली. या कामात मला इतका आनंद आजवर दुसऱ्या कशाने दिला नव्हता.

बाटली मला ३५० च्या आसपास पडली. ज्यांना इतका खर्च नको त्यांनी चित्रकलेच्या दुकानातले बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि यलो ऑकर घ्यावेत. या तिघांतून हीच कातडी जमते, मी एकावर करून पाहिली. रंगाचे कण थोडे जाड असतात म्हणून तीन पातळ हात लागतात.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी: पांढरं कापड

सुट्टी होती, सकाळी सात ते दुपारी दोन बसलो.

पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने केली की पुढे उजळ करायला काही उरत नाही. शिवाय पांढरा घट्ट असतो, घडीत साचून खडूसारखा दिसतो. दोन कृती ठरवल्या.

कोरं, न धुतलेलं सुती कापड: तळाला खाकी ७०.९८८, वर इराकी सॅंड ७०.८१९, मग आयव्हरी ७०.९१८ फक्त घड्यांच्या कडांवर.

धुऊन पांढरं झालेलं: तळाला ग्रीन ग्रे ७०.८८६, वर लाइट ग्रे ७०.९९०, मग ऑफ व्हाइट ७०.८२०. खांद्यावर आणि गुडघ्यावर शुद्ध पांढऱ्याची एक रेघ.

एकाच माणसाचा अंगरखा एका कृतीने आणि चोळणा दुसऱ्या कृतीने रंगवला की कपडे वापरातले वाटतात. सगळ्यांना सारखं पांढरं दिलं तर ते बॅंडपथक दिसतं.

२१ जुलै, रविवार

बुधवारी जमलेल्या सहांवर आज तपकिरी वॉश मारला आणि सहाही डागाळले. कोरड्या दिवसांत वॉश अर्ध्या तासात सुकतो. आज दोन तास ओलाच राहिला, मांडीच्या सपाट भागावर साचला आणि सुकताना कडेने कड सोडत गेला. बशीत सांडलेल्या चहाचं वर्तुळ उमटतं तसं. पातळ करायला मी पाणी घातलं होतं, त्याने ते आणखी वाढलं.

उरलेल्यांना असं केलं: वॉश एक भाग, मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी, बिनचमकीचं माध्यम) दोन भाग, पाणी नाही. पूर्ण कापडावर न फासता बारीक ब्रशने फक्त घड्यांच्या खाचांत. जास्त झालेला लगेच दुसऱ्या ओलसर ब्रशने टिपून घ्यायचा. डागाळलेल्या सहांवर इराकी सॅंडपासून पुन्हा काम, साडेतीन तास.

४ ऑगस्ट, रविवार: डोळे

डोळ्यांत मी तीन आठवडे अडकलो होतो. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका असं केलं की माणूस दचकलेला दिसतो, आणि दोन बुबुळं दोन दिशांना जातात.

आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना लागतो. तिथे एक वयस्कर रंगारी डोळ्यांची आखणी करतात. परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, खिशातून एक मावळा काढून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहिला.

“काका, डोळा मोठा होतोय.”

“मोठा होत नाहीये, उघडा राहतोय. वरच्या पापणीची रेघ आधी टाक. बुबुळ पापणीला चिकटलेलं असतं, मधे लोंबत नसतं. आणि दोन्ही मनगटं टेकव. एक टेकवून भागत नाही.”

त्यांनी कागदावर दोन डोळे काढून दाखवले. चहाही पाजला.

आज त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. डोळ्याची खाच ब्लॅक ब्राउनने भरायची. आत ऑफ व्हाइटची आडवी रेघ, चारी बाजूंनी गडद कड राहील अशी. मग बुबुळ: ठिपका न देता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढायची. अवघड बाजूचा डोळा आधी, मी उजव्या हाताने काम करतो म्हणून माझ्या बाबतीत मूर्तीचा डावा. दुसरा त्याला जुळवून घेता येतो. नजर किंचित बाजूला वळवली की चूक झाकली जाते. शेवटी खालच्या पापणीवर कातडीच्या रंगाचा हात.

ब्रश फार बारीक घेऊ नका. तीन शून्याच्या ब्रशवर रंग पोचेपर्यंत सुकतो. एक नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश चांगला.

आणखी एक: डोळे कातडीबरोबरच करायला हवे होते. आता कपड्यांवर डाग न पाडता करताना दुप्पट वेळ लागला.

११ ऑगस्ट, रविवार: पागोटी, शेले आणि भगवा

पागोट्यांसाठी पहिल्यांदा जांभळा आणि झगझगीत गुलाबी काढला होता, मग ठेवून दिला. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये झाली. माझे मावळे त्याच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षं आधीचे. तेव्हा कापड रंगायचं ते नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा, गेरू यांनी. रंग एवढ्यावर मर्यादित ठेवले आणि तुकडी आपोआप एकसंध दिसायला लागली.

नीळ: डार्क प्रशियन ब्लू ७०.८९९, उजळ कडांना त्यात ग्रे ब्लू ७०.९४३. मंजिष्ठेचा लाल: कॅव्हलरी ब्राउन आणि फ्लॅट रेड ७०.९५७ समसमान, उजळायला इराकी सॅंडचा टिपूस. पांढऱ्याने उजळलं तर गुलाबी होतं. कुसुंब्याचा रंग उन्हात विटतो, म्हणून त्याच्या उजळ जागा फिकट आणि मळकट ठेवल्या.

झेंड्याला तीन प्रयत्न लागले. काळ्या प्रायमरवर नारिंगी चढेना, पाच हात देऊनही चिखलासारखा. पांढऱ्यावर दिला तर हल्ली बाजारात छापील झेंडे मिळतात तसा भडक. शेवटी लाइट ब्राउन ७०.९२९ चा तळ, त्यावर ब्राइट ऑरेंज ७०.८५१ चे दोन पातळ हात, घड्यांच्या खोलात बर्न्ट सिएना, कडांना नारिंगीत थोडा यलो ऑकर. हा गेरूकडे झुकणारा भगवा मला हवा होता. मंदिराच्या शिखरावर ऊन-पाऊस खाल्लेल्या झेंड्याचा असतो तो.

झेंडा साध्या कागदाचा, दुहेरी, दोन टोकांचा. आत फेविकॉल लावून तारेभोवती दुमडला आणि गोंद ओला असतानाच पेन्सिलीवर वळवून लाटा दिल्या. रंग नंतर. आधी रंगवून मग वळवला होता तेव्हा रंग तडकला.

१५ ऑगस्ट, गुरुवार: घोडे आणि रेझिन

दोन घोड्यांच्या मानेवरचा रंग टेपला चिकटून निघाला. रेझिन नीट धुतलं गेलं नव्हतं, बोटाला चिकट लागत होतं. कच्चं रेझिन कातडीला अपायकारक असतं, नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये दोन मिनिटं, मऊ ब्रश, पूर्ण सुकू देणं, मग प्रखर अतिनील उजेड. ऊन आठवडाभर नव्हतं. बहिणीचा नखं सुकवायचा यूव्ही दिवा मागून आणला. प्रत्येक बाजूने पाच मिनिटं दिली आणि चिकटपणा गेला.

चौघेही स्वार शिलेदार धरले आहेत. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. त्यामुळे चार घोडे, चार खोगीरं, सगळं वेगळं रंगवायला मोकळीक मिळाली. भीमथडी तट्टांच्या, म्हणजे भीमेकाठच्या देशी घोड्यांच्या, मानाने हे घोडे उंच आहेत. पुढच्या वेळी मित्राला दहा टक्के लहान छापायला सांगणार.

२५ ऑगस्ट, रविवार

घोड्यांना तेलरंग वापरला. ॲक्रिलिकचा फिकट तळ, त्यावर ग्लॉस (चकचकीत) वार्निश, ते सुकल्यावर ट्यूबमधला तेलरंग पातळ करून सर्वांगाला. वीस मिनिटांनी केसांच्या दिशेने स्पंजाने पुसायचा. खाचांत गडद राहतो, स्नायूंवर फिकट. इतकं नैसर्गिक काम ब्रशने मला साधलं नसतं.

कुमैत (तांबूस तपकिरी) घोड्याला बर्न्ट अंबर दिला, तो चार दिवसांत कोरडा झाला. अंबरमध्ये मॅंगनीज असतं, त्याने तेल लवकर सुकतं. काळ्या घोड्याला मात्र लॅम्प ब्लॅक दिला होता. आज दहावा दिवस, अजून बोटाचा ठसा उमटतो. काळा घोडा ॲक्रिलिकनेच करावा हे बरं.

कुमैताची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे हवेत. सब्ज्याच्या (पांढरट करड्या घोड्याच्या) नाकाभोवती कातडी गडद करड्या रंगाची. पंचकल्याणीचे चार पाय आणि कपाळ पांढरं, पण पांढऱ्याची वरची हद्द सरळ रेघेत नको, केसाळ ओढायची.

१ सप्टेंबर, रविवार

दुपारी दोन तास ऊन पडलं म्हणून मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा स्प्रे काढला. जूनमधला धडा लक्षात होता, फक्त तीन माणसांवर मारला. तिन्ही धुक्यात बुडाल्यासारखी पांढरी पडली. ऊन होतं, पण हवा ओलीच होती. झेंडेवाला त्या तिघांत होता. भगवा जाऊन मलूल गुलाबी राहिला.

दोन दिवस त्यांच्याकडे बघवलं नाही. मग ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशने दिला आणि धुकं विरघळून रंग परत आला. मॅट वार्निशमधले बारीक कण आणि अडकलेलं बाष्प यांवर उजेड विखुरतो, ग्लॉस त्या फटी भरतं. त्यावर ब्रशने लावायचं मॅट, बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवून. तिघेही वाचले.

२२ सप्टेंबर, रविवार: पायाखालची जमीन

रत्नागिरीहून आणलेली लाल माती चहाच्या गाळणीने चाळून पाणी घातलेल्या फेविकॉलवर टाकली होती, गणपतीच्या आधी. आज डबा उघडला तर सात बेसांवर (पायाखालच्या चकत्यांवर) पांढरी बुरशी, आणि एमडीएफचे बेस कडेने वर वळलेले. सगळं खरवडलं. आता बेस २ मिमी ॲक्रिलिकचे, २५ मिमी गोल, लेझरवाल्याने वीस नग १६० रुपयांना कापून दिले. माती लोखंडी कढईत पंधरा मिनिटं भाजून घेतली. गोंदात पाणी नाही.

काळ्या दगडासाठी झाडाच्या सालीचे तुकडे: काळा, वर तपकिरी-करड्याचा ड्रायब्रश. गवत हिरवंगार लावणार होतो, आता खिडकीबाहेर दिसतं तसं. पण मराठी फौजा मोहिमेला निघायच्या त्या दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर. तेव्हा सह्याद्रीतलं गवत पिवळं पडू लागलेलं असतं. म्हणून वाळक्या गवताच्या रंगाचे धागे दोन भाग, हिरवे एक भाग.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आर्द्रता ५८ टक्के. एकावर मारून पाहिलं, तासभर थांबलो, मग सगळ्यांवर मॅट स्प्रे. धुकं नाही. मग ढालींवर ब्रशने सॅटिन वार्निश, कमावलेल्या कातड्याला जरा चकाकी हवी, आणि ढालीवरची चार पितळी फुलं ब्रास ७०.८०१ ने. पात्यांवर गनमेटल, धारेवर चांदी. धातूच्या रंगाचं पाणी वेगळ्या पेल्यात ठेवा. त्यातली चमक एकाच पेल्यात उरली की पुढचा चेहरा चमकतो, माझे दोन चमकले.

हिशेब: माणसं आणि घोडे ७,५५०, रंग आणि वॉश ४,९००, ब्रश ८५०, प्रायमर, वार्निश, ॲसिटोन आणि बाकी किरकोळ २,३४०. वेळ १०४ तास, त्यातले साधारण २६ चुका निस्तरण्यात. पहिल्या चारांना माणशी पाच तास लागले, शेवटच्या चारांना दोन तास दहा मिनिटं. स्प्रेचं काम ऑक्टोबरपर्यंत थांबवलं असतं आणि डोळे आधी केले असते तर निम्मा तोटा टळला असता.

२० ऑक्टोबर, रविवार

पिंपरीला मित्राकडे पहिला डाव खेळलो. येताना डब्यात दोन भाले वाकले होते, पितळ असल्याने बोटाने सरळ झाले. एकाच्या पात्यावरचा रंग उडाला, तिथे गनमेटलचा एक ठिपका दिला. रंगारीकाकांना फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, शिंगवाल्याचा उजवा डोळा अजून थोडा उघडा आहे. आज रात्री तो खाली आणतो.